तारतंत्री परवाना कसा काढावा: नागपूरच्या वायरिंगवाल्या पोरांसाठी

एप्रिल लागला की माझा फोन दिवसभर वाजतो. माळ्यावरून कूलर उतरवलेला असतो, नवी खस लावलेली असते, टाकीत पाणी भरून बटण दाबलेलं असतं आणि बॉडीला हात लागला की करंट. "भाऊ, जरा येऊन पाहून घ्या ना." मी गेलो की आधी पिन पाहतो. कुठे दोनच काड्यांची पिन असते. कुठे तीन काड्यांची असते, पण गळता करंट जमिनीत नेणारी हिरवी अर्थची वायर आतल्या आत कापून टेप गुंडाळलेली असते. वायरिंग कोणी केली म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आहे ना एक पोट्टा ओळखीचा."

तो पोट्टा कामचुकार नसतो. त्याचा हात चांगला चालतो, पाइप सरळ बसवतो, बोर्डाची जोडणी नीटनेटकी करतो. त्याच्याजवळ परवाना तेवढा नसतो. वयाच्या तिशीपर्यंत मीही तसाच होतो. हे त्याच्यासाठी लिहितो आहे, आणि जे मुलगे-मुली आता आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला आहेत त्यांच्यासाठीही.

मी परवाना का काढला ते आधी सांगतो. ते कळल्याशिवाय पुढची कागदपत्रांची धावपळ नकोशी वाटेल. नागपुरातल्याच नंदनवन भागात एका घराची पूर्ण वायरिंग मी केली होती. बोर्डापर्यंत अर्थची वायर आणली, पण ती जमिनीत उतरवायचा खड्डा खणायचा राहिला. घरमालक म्हणाले, अंगणात फरशी बसवताना करू, आणि मी हो म्हणून पैसे घेऊन पुढच्या कामाला लागलो. मीटरसाठी टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा कागद, लागतो. तो एका ठेकेदाराच्या सहीने आला. त्या ठेकेदाराने घर पाहिलंच नव्हतं, सही विकत मिळाली होती. पुढच्या मे महिन्यात त्या घरचा बारा वर्षांचा मुलगा चालू कूलरमध्ये पाइपने पाणी भरत होता. पायात चप्पल नाही, खाली ओली फरशी. तो कूलरला चिकटला. आजीने मेन बंद केला म्हणून वाचला.

मी धावत गेलो तेव्हा मालकांनी टेस्ट रिपोर्ट माझ्यासमोर धरला. त्यावर अर्थ रेझिस्टन्सच्या (अर्थच्या वाटेतला अडथळा, जितका कमी तितका चांगला) रकान्यात "2 ओहम" लिहिलं होतं. जो खड्डा खणलाच नव्हता त्याचं मोजमाप! आणि त्या अख्ख्या कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं. काम माझं, सही दुसऱ्याची, आकडा मनचा. त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सब्बल घेऊन गेलो आणि आधी खड्डा खणला. परवान्याचा अर्ज त्यानंतर केला.

परवाना म्हणजे केलेल्या कामाखाली आपलं नाव येणं. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

कागद तीन आहेत, तिन्हींचं काम वेगळं

पहिला तारतंत्री परवाना, म्हणजे वायरमनचा. दुसरं पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र, ज्याला आपण सुपरवायझर म्हणतो. तिसरी विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती. जुनी माणसं तिन्हींना सरसकट "पीडब्ल्यूडीचं लायसन" म्हणतात. प्रत्यक्षात हे कागद राज्य शासनाचं अनुज्ञापक मंडळ देतं. मंडळाचं काम मुख्य विद्युत निरीक्षकांच्या अखत्यारीत चालतं आणि त्यांचं कार्यालय मुंबईत चेंबूरला आहे. नागपुरात विद्युत निरीक्षकांचं कार्यालय आहे, चौकशीला आधी तिथे जा.

यामागचा नियम जुना आहे. भारतीय वीज नियम 1956 मधला नियम 45 आमच्या धंद्यातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असायचा. 2010 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे नवे विनियम आणले, त्यात तीच गोष्ट विनियम 29 मध्ये आली. 2023 मध्ये ते विनियमही नव्याने आले, गाभा तोच राहिला. विजेच्या मांडणीचं काम अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदाराने घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या थेट देखरेखीखाली करायचं आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातून व्हायचं. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण किंवा 250 व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण जसंच्या तसं बदलण्यापुरती सूट आहे, तीही मांडणीची क्षमता आणि स्वरूप बदलत नसेल तरच. म्हणजे जुन्या पंख्याच्या जागी नवा पंखा लावणं सुटीत बसतं. बेडरूममध्ये एसीसाठी नवा पॉइंट काढणं बसत नाही.

इथे पुष्कळ पोरांचा घोळ होतो. वायरमनचा परवाना हातात आला की त्यांना वाटतं, आता स्वतःच्या नावावर कामं घ्यायला मोकळे. तसं नाही. या परवान्याने तुम्ही ठेकेदाराकडे, सुपरवायझरच्या हाताखाली काम करता. टेस्ट रिपोर्ट स्वतःच्या नावाने द्यायचा तर ठेकेदाराची अनुज्ञप्ती लागते. ती पायरी पुढची आहे, पण तिथपर्यंत जायचं हे आतापासून मनात धरा.

वाट कोणती धरायची

सरळ वाट आयटीआयची. तारतंत्री किंवा वीजतंत्री, दोन्ही व्यवसाय दोन वर्षांचे. आपल्याकडे श्रद्धानंदपेठेतली शासकीय आयटीआय आहे, मीही तिथलाच. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळालं की थांबू नका, शिकाऊ उमेदवारी पूर्ण करा. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ती होते. महावितरणमध्ये, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांत, हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत जागा निघतात, त्यांवर लक्ष ठेवा. विद्यावेतन थोडं असतं म्हणून कित्येक पोरं मधेच सोडून साइटवर मजुरीला जातात. मी हात जोडून सांगतो, सोडू नका. परवान्याच्या अर्जाला त्या प्रमाणपत्राचं जे वजन असतं ते ठेकेदाराच्या चिठ्ठीला येत नाही. शिवाय चालू पॅनेलसमोर उभं कसं राहायचं, काम सुरू करण्याआधी लाइन बंद असल्याची खात्री कशी करायची, आपल्या नावाचं कुलूप आणि पाटी कशी लावायची, हे मोठ्या आस्थापनेतच अंगात मुरतं.

दुसरी वाट अनुभवाची. अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदाराकडे काम करायचं, त्याच्याकडून अनुभवाचा दाखला घ्यायचा आणि तारतंत्रीची परीक्षा द्यायची. वाट लांब आहे, पण शाळा लवकर सुटलेल्या माझ्यासोबतच्या दोघांनी तीच धरली आणि आज दोघंही सुपरवायझर आहेत. इलेक्ट्रिकलची पदविका किंवा पदवी असेल तर थेट सुपरवायझरच्या प्रमाणपत्राचा विचार करा. पात्रतेच्या अटी आणि फी वेळोवेळी बदलतात. अर्ज भरायच्या दिवशी मंडळाच्या संकेतस्थळावर जे लिहिलं असेल तेच खरं माना. दुकानात चहा पिता पिता कोणी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका.

कागदपत्रं: अर्ज त्रुटीत का निघतो

सर्वात जास्त वेळ इथेच जातो. माझ्या भाच्याचा अर्ज मागच्या खेपेला त्रुटीत निघाला. फोनवर रडकुंडीला आला होता, "मामा, सगळं तर लावलं होतं!" मी सगळे कागद जमिनीवर पसरून बसलो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर वडिलांचं नावच नाही. आयटीआयच्या गुणपत्रिकेत आडनावात एक अक्षर वेगळं. मशीनला काय कळणार, ती तीन माणसं झाली! अर्ज भरण्याच्या दोन महिने आधी हे कागद शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. आधार दुरुस्त करणं सोपं पडतं. गुणपत्रिकेतली चूक संस्थेकडून दुरुस्त करून आणायला वेळ लागतो, म्हणून तिथून सुरुवात करा. नावच बदललेलं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी जोडावी लागते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

भाच्याचीच दुसरी चूक अनुभवाच्या दाखल्यात होती. ठेकेदाराने मोठ्या मनाने "तीन वर्षे आमच्याकडे कामास होता" असं लिहून दिलं. त्यातलं एक वर्ष पोरगा शिकाऊ उमेदवारीत होता! एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असलेला माणूस कार्यालय कसं मान्य करेल? दाखला ठेकेदाराच्या लेटरहेडवर हवा. त्यावर अनुज्ञप्ती क्रमांक हवा, कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख हवी, आणि काम कोणतं केलं ते हवं. घरगुती वायरिंग, कारखान्यातली मोटर जोडणी, केबल टाकणं, जे केलं तेच लिहून घ्या. न केलेलं लिहून घेतलं तर पुढे तोंडी विचारतात तेव्हा घाम फुटतो.

अर्ज आता ऑनलाइन आहे. सायबर कॅफेत भरणार असाल तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा देऊ नका. त्रुटीचा निरोप त्याच नंबरवर येतो. मूळ कागद स्कॅन करा, झेरॉक्सचा फोटो चढवू नका. अर्ज क्रमांकाची पावती छापून घरात ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. त्यात अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते, आणि मुदतीत काम झालं नाही किंवा कारणाशिवाय नाकारलं तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. हे माहीत असलं की खिडकीपाशी बोलताना आवाज चढवावा लागत नाही. पावती दाखवा, तारीख दाखवा, शांतपणे विचारा.

आणि एजंट. "आतून करून देतो" म्हणणारा कोणीतरी भेटेलच. त्याला देण्याच्या पैशात एक चांगला मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन (आवरण) तपासायचं यंत्र, येतो. मेगर घ्या.

परीक्षेची तयारी खड्ड्यात उतरून करा

पुस्तकं पाठ करून पोरं येतात आणि मेगर हातात दिला की गडबडतात. इन्सुलेशनची चाचणी मी भाच्याला आमच्या घरीच दहादा करायला लावली. मेन बंद. सगळे बल्ब काढलेले, उपकरणांच्या पिना उपसलेल्या. बटणं सगळी चालू ठेवलेली, म्हणजे बटणापुढची वायरही तपासली जाते. मग फेज आणि न्यूट्रल एकत्र करून ते आणि अर्थ यांच्यामध्ये 500 व्होल्टचा मेगर लावायचा. एक मिनिट धरायचा आणि काटा निदान 1 मेगाओहमवर राहिला पाहिजे. आमच्या मोरीतल्या बोर्डाचा आकडा कमी आला. उघडून पाहिलं तर भिंतीतून ओल झिरपून पेटीत पाणी साचलं होतं. पुस्तकातलं एक पान त्या एका पेटीने भाच्याला कायमचं शिकवलं.

पोलॅरिटी विसरू नका. बटण फेजमध्येच हवं. न्यूट्रलमध्ये बसलं तरी बल्ब नेमाने लागतो-विझतो, म्हणून चूक वर्षानुवर्षं लपून राहते. मग बटण बंद करून होल्डर बदलणाऱ्याला झटका बसतो. प्रकाशाच्या एका सर्किटवर पॉइंट 10 पेक्षा जास्त नकोत आणि भार 800 वॅटच्या वर नको, हेही विचारतात. केबलच्या क्षमतेचं कोष्टक सभोवतालचं तापमान धरून केलेलं असतं. नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांची नोंद झाली. पत्र्याखालच्या पाइपमधून जाणाऱ्या वायरीचं काय होत असेल, याचा हिशेब आपल्याकडच्या वायरमनला आलाच पाहिजे. मी एसीच्या आणि कूलरच्या लाइनला कोष्टकातल्या काठावरची वायर कधी घेत नाही, एक माप वरची घेतो.

आता अर्थिंग. इथे मी जरा थांबतो, कारण माझी सगळी कहाणी इथूनच सुरू झाली. पाइप अर्थिंगला निदान 38 मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप लागतो, त्याला भोकं पाडलेली असतात. भोवती मीठ आणि कोळशाचे थर आलटून पालटून भरायचे, वर फनेल बसवायचं म्हणजे पाणी घालता येतं, आणि झाकण असलेली चेंबर बांधायची. प्लेट वापरायची तर 60 सेंटिमीटर चौरस, तांब्याची 3.15 मिलिमीटर किंवा जीआयची 6.3 मिलिमीटर जाडीची. एवढं पुस्तकात सापडेल. आपल्या मातीचं मात्र इथेच शिकावं लागतं. नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते, ओली असते, तेव्हा अर्थ उत्तम लागतो. उन्हाळ्यात तीच माती आकसते, भेगा पडतात, पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट पडते आणि अर्थ सुटतो. नेमका तेव्हाच घरोघरी कूलर चालू असतो. म्हणून मोजमाप मे महिन्यात घ्या. ऑगस्टमधल्या आकड्याने समाधान मानू नका.

अर्थ टेस्टरच्या दोन खुंट्या एका रेषेत ठोकाव्या लागतात, मधली अर्ध्या अंतरावर आणि दुसरी टोकाला. आता गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाले, त्यामुळे ठोकायला माती शोधावी लागते. मी शेजाऱ्याच्या अंगणात, देवळाच्या बागेत, परवानगी काढून ठोकल्या आहेत. जागा नाही म्हणून अंदाजे आकडा लिहायचा नाही.

टेस्टर जवळ नसेल तेव्हा आमची जुनी पद्धत टेस्ट लॅम्पची. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लावा, उजेड पाहून घ्या. मग फेज आणि अर्थमध्ये लावा. उजेड तितकाच पडला तर वाट मोकळी आहे, मंद पडला तर अर्थ कच्चा आहे. ही चाचणी चालू असताना घरातल्या कोणाचाही हात कूलरला, फ्रिजला, नळाला लागू देऊ नका, कारण अर्थ तुटलेला असेल तर करंट त्या बॉडीवर येऊ शकतो. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच लाइन तोडणारी कळ, असेल तर दिवा लागण्याआधीच ती पडेल, आणि पडलीच पाहिजे. घरासाठी ती 30 मिलिअँपिअरची हवी. तिच्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायला घरच्या बाईमाणसाला, म्हाताऱ्यांना शिकवून या. नंदनवनच्या त्या घरात आजीला मेन कुठे आहे हे माहीत होतं, एवढ्यावरच त्या पोराचा जीव वाचला.

कूलरचं काम करताना बॉडीवर जिथे हिरव्या वायरीचा स्क्रू बसवाल तिथला रंग कानशीने घासून लोखंड उघडं करा. रंगावर कसलेला स्क्रू म्हणजे अर्थ नाहीच. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिनही काढायची, हे घरच्यांना तोंडाने सांगा, जमलं तर कूलरवर रंगाने लिहून द्या. महावितरणही दर उन्हाळ्यात हेच सांगतं.

परवाना आल्यानंतर

त्यावर छापलेली मुदत पाहा आणि नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहून टाका. संपल्यावर धावपळ करणारे मी पुष्कळ पाहिले, त्यात हातातलं काम जातं. पुढे ठेकेदार व्हायचं तर पगारावर सुपरवायझर आणि वायरमन, मेगर, अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट मोजणारा) अशी स्वतःची उपकरणं आणि कामाची नोंदवही लागते. उपकरणं एकेक करून आत्तापासून घेत राहा, पावत्या जपून ठेवा.

कोणी सही मागायला येईल. "घर मी पाहिलं आहे, तू फक्त सही कर, पैसे घे." ओळखीतलाच असेल, कदाचित तुम्हाला धंद्यात आणणारा असेल. त्याला सांगा, भाऊ, मेगर घेऊन येतो, सही तिथेच करतो. चिडला तर चिडू द्या.

मी एक दोनशे पानी वही ठेवतो. तारीख, घराचा पत्ता, इन्सुलेशन, अर्थ, आरसीसीबी पडली की नाही, एवढेच रकाने. नंदनवनच्या घराला दर वर्षी दोनदा जातो, पैसे घेत नाही. मागच्या मे महिन्यात 6.8 ओहम आले, फनेलमधून चार बादल्या पाणी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी 4.1, आणि ऑगस्टमध्ये 2.3. तो मुलगा आता मोठा झाला आहे, खुंट्या तोच धरतो. भाच्यालाही परवाना आल्यावर तशीच वही घेऊन दिली. त्याच्या पहिल्या पानावर आमच्याच मोरीचा बोर्ड आहे: आधी 0.3 मेगाओहम, पेटी बदलून वायर नवी ओढल्यावर 20 च्या वर, आणि खाली त्याची सही, परवाना क्रमांकासकट.